साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज बाहेर मातीत खेळू दिल्याने खरंच काही फायदा होतो का? घरात भरपूर खेळणी आहेत.

तुम्ही लिहिलंय की घर चौथ्या मजल्यावर आहे, खेळण्यांनी कपाट भरलंय आणि सासूबाई म्हणतात, मातीत सोडलं की पोरगं आजारी पडेल. सासूबाईंच्या म्हणण्याकडे नंतर येते. आधी मागच्या जुलैमध्ये पाहिलेलं सांगते.

मी नाशिकला बालवाडी चालवते, सोळा वर्षं झाली. आमच्या अंगणात नळापासून कुंपणापर्यंत उतार आहे आणि पाऊस थांबला की त्यावरून बारीकसा ओहळ वाहतो. वर्गात ठोकळ्यांपुढे पाच मिनिटं न टिकणारा एक चार वर्षांचा मुलगा त्या ओहळापाशी उकिडवा बसला. दोन्ही हातांनी चिखल ओढून त्याने बांध घातला. पाणी मधूनच फुटलं. परत घातला, परत फुटलं. मग दगड आणून ठेवला, तर पाणी दगडाखालून झिरपायला लागलं. नाक जमिनीला टेकेल इतकं वाकून त्याने ते बघितलं. मग उठला, जास्वंदीखालची जरा कोरडी माती ओंजळीत आणली आणि फटीत अंगठ्याने दाबून बसवली. पाणी तुंबलं, पण आता ते बाजूने निघालं. तेव्हा शेजारच्या मुलीला म्हणाला, "तू इकडून धर, मी तिकडून माती टाकतो." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. चाळीस मिनिटं हे चाललं होतं. मी पायरीवर बसून होते आणि मला काहीही करावं लागलं नाही.

ठोकळ्यांच्या डब्यावर काय बनवायचं त्याचं चित्र असतं. ओहळावर नसतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. बाकीचं त्याला जोडून.

मुलांना असं माती-दगडांतून शिकू देणं ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि पुढे तिथल्याच कोसबाडच्या टेकडीवर सहकारी अनुताई वाघांसोबत त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं हेच साहित्य झालं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आज आपण हजारो रुपये मोजून 'निसर्गाधारित' प्लेग्रुप शोधतो, तेव्हा मला थोडं हसू येतं.

आता डोळे. हा मुद्दा मी प्रत्येक पालकाला सांगते, कारण हल्ली पहिली-दुसरीतच चष्मे लागायला लागलेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी, इतर शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. कारण बहुधा उजेड. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो फार तर तीनशे ते पाचशे लक्सचा असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप); बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. म्हणजे भर उन्हात उभं करायची गरज नाही, सावली चालते. बाल्कनीचं दार उघडं ठेवून आत बसवलं तर मात्र ते बाहेर धरू नका.

पायांचं थोडक्यात सांगते. फरशीवर वाढलेली मुलं जूनमध्ये आमच्या उतारावर अडखळतात, दिवाळीपर्यंत त्याच उतारावरून पळतात. ओबडधोबड जमीन पावलाला जे शिकवते ते सपाट फरशी शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी म्हणते, त्यातली ६० तरी दमवणारी. दोन खोल्यांत हे जमवून दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणून टाकलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे जीवाणू जास्त प्रकारचे झाले आणि रक्ततपासणीत रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने चांगले बदल दिसले. पण मुलं ७५ च होती. तेवढ्यावरून 'मातीत खेळा, सर्दी पळवा' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि आपल्याकडे जंत आहेत. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत, शाळेत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नका. नखं कापलेली हवीत, आल्यावर साबणाने हात. बांधकामावरचा वाळूचा ढीग नको, कुत्री-मांजरं तिथेच घाण करतात. गाजरगवत असेल तिथे बसवू नका, अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात दगडांच्या राशीत, पाल्याच्या ढिगात हात घालू देऊ नका, साप-विंचू असतो. धनुर्वातासकट लसी वेळेवर झाल्यात का तेवढं बघा.

सगळ्यात अवघड काम तुमचं आहे: गप्प बसणं. "अरे पडशील" हे वाक्य दिवसाला किती वेळा तोंडून निघतं ते एकदा मोजा. त्याऐवजी "आता पाय कुठे ठेवणार?" असं विचारा. वाणी किड्याला काडी लावली, तो चकलीसारखा गुंडाळला, की पोरगं दहा मिनिटं श्वास रोखून बघतं. तेवढ्यात आपण "याला किती पाय आहेत, मोज बघू" म्हणून त्याची परीक्षा घ्यायला जातो. नका घेऊ.

सोसायटीत माती कुठे आहे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. दिवाळीत किल्ला करा. दुकानातला रंगवलेला तयार किल्ला आणू नका. पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, दगड, वर गोणपाट, आणि त्यावर कालवलेली माती थापायचं काम पूर्ण त्याच्याकडे. बुरूज वाकडा होईल, होऊ दे. अळीव किंवा मोहरी पेरायची असेल तर किल्ला वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी उभा राहायला हवा, नाहीतर शिवाजी महाराज सिंहासनावर बसतील तेव्हा डोंगर बोडकाच असेल.