बेसमेंटमधल्या गॅस वॉटर हीटरचा पायलट (मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) विझलाय. स्वतः पेटवावा का, आणि बटण सोडलं की तो पुन्हा का विझतो?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: न्यू जर्सीत नुकतंच घेतलेलं जुनं घर, बेसमेंटमध्ये ४० गॅलनची टाकी असलेला गॅस हीटर, सकाळपासून गार पाणी. पायलट एकदा पेटवून पाहिला, पण बोट उचलताच विझला. पायलट स्वतः पेटवायला हरकत नाही. घरातल्या माणसानेच तो पेटवावा म्हणून त्याच्या सूचना टाकीवर चिकटवलेल्या असतात. मात्र ज्योत लावण्याआधी काय करता, याकडे जास्त लक्ष द्या.

सगळ्यात आधी वास घ्या. नुसतं उभ्याने नाही, वाकून जमिनीलगतही घ्या. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, वर जातो. गावाबाहेरच्या घरांत अंगणातल्या टाकीतून येणारा प्रोपेन मात्र जड असतो आणि फरशीवर साचून राहतो. दोन्हींत सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो. नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं, म्हणून तुम्ही बराच वेळ तिथेच वावरत असाल तर बाहेरून आलेल्या दुसऱ्या कुणाला तरी वास घ्यायला सांगा. वास आला तर पायलट विसरा. दिव्याचं बटण चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. फोनही तिथून करू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि शेजारच्या घरातून गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर किंवा ९११ ला फोन लावा.

वास नसेल तर हीटर कोणत्या जातीचा आहे ते बघा. टाकीच्या वर पंखा बसवलेला आहे, प्लॅस्टिकचा पाइप बाहेर गेलाय आणि वायर भिंतीतल्या सॉकेटला लावली आहे, असं असेल तर त्यात बहुधा कायम जळणारा पायलट नसतोच. तिथे ठिणगी आपोआप पडते आणि हाताने पेटवायचा प्रयत्न करायचा नसतो. भारतातल्या गॅस गीझरची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. तिकडे नळ उघडला की बॅटरीच्या सेलवर ठिणगी पडते. इथल्या जुन्या टाकीत छोटी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. आणखी एक: बेसमेंटमध्ये पाणी शिरून गॅसचा व्हॉल्व्ह बुडाला असेल, तर नंतर तो वाळला तरी वापरू नका, बदलून घ्या.

आता पेटवणं. थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान ठरवणारी चकती) सगळ्यात खाली आणा. व्हॉल्व्हवरच्या नॉबवर ऑफ, पायलट आणि ऑन अशा तीन जागा असतात, तो ऑफवर न्या. जुन्या व्हॉल्व्हवर पायलटवरून ऑफला जाताना नॉब थोडा आत दाबावा लागतो, नाहीतर तो अडतो. नॉब फक्त हाताने फिरवा. हाताने फिरत नसेल तर पाना-पक्कड लावू नका, कारण जोर दिल्याने आतला भाग मोडला तर गॅस थांबवणारं काही उरत नाही. मग पाच मिनिटं थांबा, घड्याळ लावून. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आत साचलेला गॅस निघून जायला हा वेळ लागतो, नाहीतर ठिणगीबरोबर भडका उडतो. तेवढ्या वेळात आजूबाजूला पेट्रोलचा डबा, रंगाचा थिनर असं काही ठेवलेलं असेल तर ते बेसमेंटबाहेर न्या. त्यांची वाफ जमिनीवरून सरपटत येते आणि बर्नरच्या ज्योतीवर पेट घेते. पाच मिनिटं झाली की जमिनीलगत पुन्हा वास घ्या.

वास नसेल तर नॉब पायलटवर आणा आणि तो नॉब, किंवा शेजारी वेगळं बटण असेल तर ते, पूर्ण आत दाबून धरा. साधारण २००३ नंतरच्या हीटरमध्ये ज्वलनकक्ष बंदिस्त असतो. त्याला काचेची छोटी खिडकी आणि ठिणगीचं बटण असतं. नॉब दाबलेला ठेवून ते बटण काही सेकंदांच्या अंतराने टिकटिक दाबत राहा आणि खिडकीतून बघा. त्याहून जुन्या टाकीत खालची दोन्ही झाकणं काढून लांब दांड्याचा लायटर आत न्यावा लागतो. व्हॉल्व्हमधून तीन नळ्या खाली जातात. जाड नळी मुख्य बर्नरची, बारीक नळी पायलटची आणि तारेएवढी तांब्याची ती थर्मोकपलची, म्हणजे ज्योत जळतेय का हे ओळखणाऱ्या भागाची. बारीक नळी जिथे संपते तिथे लायटर न्या. तोंड बाजूला ठेवा, सैल बाह्या वर करा. गॅस बराच काळ बंद असेल तर नळीतली हवा आधी बाहेर पडते, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात ज्योत न लागणं नवलाचं नाही. काही वेळात लागली नाही तर ऑफ करा आणि पुन्हा पाच मिनिटं थांबून पहिल्यापासून सुरुवात करा.

ज्योत दिसल्यावरही बोट उचलायची घाई करू नका. पूर्ण एक मिनिट दाबून ठेवा, काही नव्या व्हॉल्व्हना दीड मिनिटही लागतं. तुमचा पायलट बहुधा इथेच दगा देतोय. ज्योतीत बसवलेलं थर्मोकपल तापलं की २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार करतं, आणि त्या इवल्याशा विजेवर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होतं, चुंबक सुटतं, गॅस बंद. म्हणजे बोट उचलल्यावर ज्योत विझते तेव्हा सुरक्षेची यंत्रणा तिचं काम करत असते. नॉबला चिकटपट्टी लावून किंवा काडी अडकवून तो दाबलेला ठेवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

मिनिटभर धरूनही टिकत नसेल तर ज्योत निरखून बघा. चांगली ज्योत निळी, टोकदार असते आणि थर्मोकपलच्या वरच्या अर्ध्या इंचाला वेढून राहते. पिवळी, मरगळलेली, दुसरीकडेच वळलेली ज्योत असेल तर पायलटच्या भोकात धूळ, गंज किंवा कोळ्याचं जाळं अडकलंय. ज्योत ठीक आहे तरी विझते, तर थर्मोकपल गेलंय किंवा व्हॉल्व्हला जोडणारं त्याचं टोक सैल आहे. ते टोक बोटाने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या, त्याहून जास्त आवळलं तर बिघडतं. सुटं थर्मोकपल हार्डवेअरच्या दुकानात १०-२० डॉलरला मिळतं, लांबी जुन्याइतकीच घ्या. बंदिस्त कक्षाच्या हीटरमध्ये मात्र अख्खी बर्नरची जोडणी बाहेर काढावी लागते आणि परत बसवताना नवं गॅस्केट लागतं. ते काम मी सवय नसलेल्या माणसाला सांगणार नाही. अशा काही हीटरमध्ये एक तापमान-स्विचही असतो. तळाच्या जाळीत कपड्यांचे तंतू अडकून हवा कमी पडली की तो विजेची जोडणी तोडतो, आणि लक्षण अगदी हेच दिसतं. ड्रायर शेजारी असेल तर आधी ती जाळी व्हॅक्यूमने साफ करा. स्विच ओलांडून वायर जोडणं हा उपाय नाही.

व्हॉल्व्हवर लुकलुकणारा छोटा दिवा असेल तर तो इलेक्ट्रॉनिक प्रकार आहे. त्यात थर्मोकपलच्या जागी जास्त व्होल्टेज देणारं थर्मोपाइल असतं आणि नॉब सोडायची वेळ दिवाच सांगतो. लुकलुकण्याचे अर्थ टाकीवरच्या लेबलवर छापलेले असतात.

पायलट टिकला की काढलेली झाकणं आधी परत लावा, मग बाजूला उभं राहून नॉब ऑनवर न्या. थर्मोस्टॅट वाढवला की बर्नर मऊ आवाजात पेटायला हवा. धाडकन पेटला तर बंद करून माणूस बोलवा. थर्मोस्टॅट १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४९ सेल्सियसवर ठेवा. १४० ला पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं, घरात लहान मुलं असतील तर हे मनावर घ्याच. टाकी तापायला तासभर लागतो. सुरुवातीला गार टाकीच्या अंगावर पाणी सुटून थेंब बर्नरवर चुरचुरतात, ती गळती नव्हे. पाणी तापल्यावरही थेंब थांबले नाहीत तर मात्र टाकी फुटलेली असू शकते.

शेवटची तपासणी फार कमी लोक करतात, तुम्ही नक्की करा. बर्नर पाच मिनिटं चालल्यावर टाकीच्या माथ्यावर, चिमणी जिथे सुरू होते त्या उघड्या टोपीच्या कडेला पेटती उदबत्ती धरा. दारं-खिडक्या बंद, ड्रायर आणि बाथरूमचे पंखे चालू ठेवून. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्या तोंडावर परत येत असेल तर जळालेला वायू घरात पसरतोय आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला रंग नाही, वास नाही. हीटर ताबडतोब बंद करा, खिडक्या उघडा आणि चिमणी तपासून घेईपर्यंत पेटवू नका. कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर खिडक्या उघडत बसू नका, आधी बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. नसेल तर आजच आणा.

पायलट एकदाच विझला असेल तर वाऱ्याच्या झोतानेही विझला असेल. महिन्याभरात दुसऱ्यांदा विझला तर पुन्हा पेटवण्याआधी लायसन्स असलेल्या प्लंबरला दाखवा, आणि त्याला थर्मोकपलबरोबर चिमणीचा ओढाही (धूर वर ओढण्याची ताकद) मोजायला सांगा.