रोज दोनच पेग, मनात आणलं तर उद्या सोडेन: याला जबाबदारीने पिणं म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री जेवणाआधी दोनच पेग घेता, नंतर गाडीला हात लावत नाही, कुणाला त्रास देत नाही आणि मनात आणलं तर उद्यापासून बंद करू शकता.

गाडीचं पाळता, ते चांगलंच. पण तुमचे दोन पेग लार्ज असतील तर ते १२० मिली, त्यात साधारण ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला एका स्मॉल पेगच्या, म्हणजे ३० मिलीच्या आसपासच निस्तरतं, म्हणजे अर्धी रात्र त्याचं तेच काम चालू. झोप लवकर लागते आणि पहाटे मोडते ती यामुळेच. सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे रोजच्या पिण्याला मी तरी जबाबदारीचं म्हणणार नाही. आणि त्रास होत नाही हे तुम्ही सांगू नका, घरच्यांना सांगू द्या.

मला लिहायला बसवलं ते तुमच्या शेवटच्या वाक्याने. 'मनात आणलं तर उद्या सोडेन' हे मी माझ्या दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं, आणि त्याने ते खरं करून दाखवलं. काकांनी चारचौघांत डिवचलं, 'मर्द असशील तर सोडून दाखव.' दादाने त्या रात्रीपासून थेंबाला शिवला नाही. घरात सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हाताला इतका कंप की कप तोंडापर्यंत जाईना, अंगाला दरदरून घाम. काका म्हणाले, 'नाटकं आहेत, पाजाल म्हणून वाट बघतोय. खोलीत कोंडा.' कोंडलाही. रात्री दार उघडलं तेव्हा तो पलंगावर बसून हवेतच नट आवळत होता. फिटर आहे तो. त्याच्या लेखी तो कामावर होता. मला ओळखलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, काही व्यसन? आई म्हणाली, 'सुपारीच्या खांडाचंही नाही हो.' काका शेजारी उभे, गप्प. अंगात ताप होता, म्हणून डॉक्टर मेंदूतल्या संसर्गाच्या दिशेने तपासू लागले. मी सगळ्यांसमोर सांगितलं: रोज अर्ध्या बाटलीच्या वर, आणि परवापासून एकदम बंद. तिथून उपचारच बदलले. मेंदू शांत करणारी औषधं शिरेतून, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबत असते, म्हणून मेंदू स्वतःला सतत चेतवलेला ठेवायला शिकतो. दाब अचानक निघाला की चेतना बेफाम होते. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भ्रम दोन ते चार दिवसांत, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

दादा वाचला. काका मात्र अजूनही म्हणतात की पोरीने घरची अब्रू वेशीवर टांगली. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते: अब्रू जपणारे त्या रात्री त्याला मारायलाच निघाले होते. कंप सुटलेल्या माणसाला इच्छाशक्ती शिकवणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, मग शिकवणारा घरात कितीही मोठा असो. दारू सोडवणं हे औषधोपचाराचं काम आहे, मर्दपणाचं नाही.

दोन पेगवाल्या प्रत्येकाचं असं होत नाही, हेही सांगते. बहुतेकांना सोडताना एवढा त्रास होत नाही. मी डॉक्टरही नाही. तुमचे पेग खरोखर मापाने दोनच असतील आणि सकाळी कंप, घाम, मळमळ काही नसेल, तर महिनाभर बंद करून बघा. मनात आणणं किती सोपं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. यातलं काहीही होत असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी घेत असाल तर तिच्यावर दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि डॉक्टरांना प्रमाण सांगताना 'थोडी' म्हणू नका. मिली सांगा, किती वर्षं ते सांगा, शेवटची किती वाजता घेतली तेही सांगा.