माळ्यावर सापडलेल्या जुन्या काचेच्या बरण्या पुन्हा वापरता येतील का?

जरूर वापरा. फक्त आधी काठावरून बोट अगदी हलकेच फिरवा. कुठे टवका उडालेला लागला, तर त्या बरणीत खायचं काही भरू नका. बटणं, खिळे ठेवायला ती उत्तम. तारेच्या खटक्याचं झाकण असेल आणि रबर कडक झालं असेल, तर नुसतं रबर बदला. त्यासाठी बरणी टाकून देऊ नका हो! धुवायला कोमट पाणीच घ्या, एकदम उकळतं ओतलं की काच तडकते. वास जात नसेल तर खायच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवा. आणि काचेवर १८५८ साल उठवलेलं दिसलं, तर ते जॉन मेसन या अमेरिकी कारागिराच्या, फिरवून लावायच्या झाकणाच्या बरणीच्या पेटंटचं साल. बरणी त्यानंतर कित्येक वर्षांनीही बनलेली असू शकते.