बाळंतपणानंतर पुन्हा लाल जायला लागलं तर?

प्रश्न: नॉर्मल बाळंतपण होऊन अकरा दिवस झाले. अंगावरून जाणं कमी होऊन तपकिरी झालं होतं. काल चाळीचे तीन जिने चढले आणि संध्याकाळी पुन्हा लाल जाऊ लागलं. सकाळी उठल्यावर द्राक्षाएवढी गाठ पडली. सासूबाई म्हणतात, पाणी कमी पी, शेक घे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो म्हणून त्या बंद केल्यात. दवाखान्यात जाऊ का? (एक वाचक, परळ)

उत्तर: ताई, आधी पॅड बघा. मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासालाही तेच झालं, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. लिंबाएवढी गाठ, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, स्रावाला घाण वास, ओटीपोट दाबल्यावर दुखणं, चक्कर, छातीत धडधड, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. रात्र असली तरी उजाडायची वाट बघू नका.

यातलं काही नसेल तर घाबरण्यासारखं बहुधा नाही. वार जिथून सुटते तिथे गर्भपिशवीच्या आत जखम राहते. तिची खपली साधारण ७ ते १४ दिवसांत निघते, तेव्हा थोडा वेळ लाल जातं. दमणूक झाली की स्राव वाढतो, तसे हे जिने. झोपेत योनीत साठलेलं रक्त गोठतं आणि उठल्यावर गाठ होऊन पडतं. बाळाला पाजताना कळ येऊन जास्त जातं, कारण तेव्हा गर्भपिशवी आवळते. दोन दिवस आडवं राहा, पाण्याच्या बादल्या दुसऱ्याला उचलू द्या, लघवी तुंबवू नका. पॅड दर चार तासांनी बदला. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप असं आत घालायचं काही सहा आठवडे नको.

एवढं करूनही लाल जाणं चालूच राहिलं तर तपासणी हवीच. वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो किंवा जंतुसंसर्ग. तुकड्यासाठी सोनोग्राफी, संसर्गासाठी अँटिबायोटिक. मेडिकलमधून रक्त थांबवायची गोळी मनाने आणू नका. त्याने रक्त जाण्याचं मूळ कारण झाकलं जातं, आणि बाळंतिणीच्या पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका आधीच जास्त असतो.

पाणी तहानेप्रमाणे प्या, कमी केलंत तर खडा वाढेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. तिच्या वायूला वास नसतो आणि तो बाळालाही बाधतो. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले तर मात्र नाही म्हणू नका.

लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह) बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते. रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घेऊन बघा. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, त्यात वावगं काही नाही. खडा तरीही राहिला तर डॉक्टरांकडून दुसरं लोह मागून घ्या, बंद करू नका.

प्रश्न: सिझेरियनला सात आठवडे झाले. स्राव थांबून पंधरा दिवसांनी पुन्हा लाल जातंय. बाळाला वरचं दूधही देते. (एक वाचक, भांडुप)

उत्तर: ही पाळी असू शकते. वरचं दूध चालू असलं की ती लवकर येते, आणि पाळीआधीच दिवस राहू शकतात. दिवस राहू नयेत म्हणून बसवतात त्या कॉपर टीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. मात्र वर दिलेली धोक्याची लक्षणं तुम्हालाही लागू आहेत.