ओमान सगळ्यांशीच कसा काय बोलतो? – वाचकांची प्रश्नोत्तरे

इराणच्या अणुकार्यक्रमाबद्दलच्या इराण-अमेरिका वाटाघाटींवर लिहिलं तेव्हा मस्कतचा, म्हणजे ओमानच्या राजधानीचा, मध्यस्थीची जागा म्हणून उल्लेख ओझरताच आला होता, पण त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आलेत. काही सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : दोन मोठ्या देशांच्या भांडणात ओमानला पडायची गरजच काय? यातून त्यांना मिळतं काय?

नकाशा उघडा आणि मुसंदम शोधा. होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेलं हे टोक ओमानचं आहे, पण बाकीच्या ओमानपासून तुटलेलं, मधे यूएई. समोर इराण, आणि तेलाची जहाजं ज्या मार्गाने जातात-येतात तो मार्ग बराचसा ओमानच्या हद्दीतल्या पाण्यातूनच जातो. म्हणजे तिथे भडका उडाला की पहिला चटका ह्यांनाच. क्षेत्रफळाने हा देश जवळपास महाराष्ट्राएवढा, पण लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास आणि त्यातही ४० टक्क्यांहून जास्त लोक बाहेरून कामाला आलेले, त्यामुळे सैन्याच्या जोरावर शेजाऱ्यांना धाकात ठेवणं वगैरे शक्यच नाही.

दुसरं म्हणजे इतिहास. दक्षिण ओमानातल्या धोफारमधलं बंड मोडायला ओमानचे तेव्हाचे राजे सुलतान काबूस यांना १९७३ पासून इराणच्या शहाने हजारो सैनिक दिले होते. पुढे १९७९ मध्ये क्रांती होऊन शहाच गेला, धर्मगुरू खोमेनी आले, तरी काबूसनी तेहरानशी संबंध तोडले नाहीत. त्याच वर्षी इजिप्तने इस्रायलशी शांतता करार केला म्हणून बहुतेक अरब देशांनी कैरोशी संबंध तोडले, ओमानने तिथेही नकार दिला. इराण-इराक युद्धात दोन्हीकडे वकिलात चालू. माझ्या मते ओमानची खरी कमाई हीच आहे, कोणी कितीही दबाव आणला तरी ते कट्टी घेत नाहीत, आणि हे ५०-५५ वर्षं सातत्याने केलंय म्हणून आज समोरचा विश्वास ठेवतो. हा गुण कोणाला पैसे देऊन विकत घेता येत नाही.

प्रश्न : मध्यस्थी म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? एका टेबलावर बसवतात का?

बऱ्याचदा नाही! १२ एप्रिल २०२५ ची मस्कतची बैठक घ्या. इराणचे परराष्ट्रमंत्री अराघची एका खोलीत, अमेरिकेचे दूत विटकॉफ दुसऱ्या खोलीत, आणि ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अल-बुसैदी ह्या खोलीतून त्या खोलीत निरोप नेतायत, असं दोन-अडीच तास चाललं, आणि शेवटी निघताना दोघे बुसैदींच्या समोर काही मिनिटं बोलले. गंमत म्हणजे ट्रम्प आधीपासून सांगत होते की थेट बोलणी होणार आणि इराण सांगत होता की अप्रत्यक्ष होणार, एकाच बैठकीबद्दल! दोघांनाही आपापल्या घरी तोंड दाखवायचं असतं, आणि यजमान देश कोण खरं बोलतंय ते सांगत बसत नाही, हेही मध्यस्थाचं कामच.

याहून मोठं काम गुपचूप झालंय. २०१२ च्या जुलैत अमेरिकेचे दोन अधिकारी, जेक सलिव्हन आणि पुनीत तलवार, मस्कतला जाऊन इराण्यांना भेटले, २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे उप-परराष्ट्रमंत्री बिल बर्न्स गेले. इराणमध्ये रूहानी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून यायच्या आधीच्या गोष्टी आहेत ह्या. बातमी फुटली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाचा अंतरिम करार झाल्यावरच, आणि इराणशी झालेला २०१५ चा अणुकरार त्याच पायावर उभा राहिला.

प्रश्न : अमेरिका-ब्रिटनला बंदरं वापरायला देतात आणि स्वतःला तटस्थ म्हणवतात, हा ढोंगीपणा नाही का?

तटस्थ म्हणजे कोणाशीच संबंध नाही असं धरलं तर हो, ढोंगीपणा आहे. अमेरिकेशी लष्करी सुविधांचा करार १९८० पासूनचा, ओमानच्या दुक्म बंदरात ब्रिटिश नौदलाचा तळ आहे. पण दुसरी बाजू बघा, २०१५ मध्ये सौदीने येमेनमधल्या हुथींविरुद्ध (इराणच्या पाठिंब्याचे बंडखोर) लष्करी आघाडी उघडली तेव्हा आखाती परिषदेच्या, म्हणजे आखाती अरब देशांच्या संघटनेच्या, सहा देशांपैकी एकटा ओमान बाहेर राहिला, आणि हुथींचे मुख्य वाटाघाटीकार मोहम्मद अब्दुलसलाम मस्कतमध्येच राहतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नेतान्याहू काबूसना भेटून गेले, तरी इस्रायलला मान्यता नाही ती नाहीच. हे सगळं कोणाला ना कोणाला खटकतंच. हुथींकडे शस्त्रं ओमानच्या वाटेने जातात असा आरोप झाला, ओमानने तो नाकारला. दोन्हीकडच्या शिव्या खाणं ह्या धंद्यात आलंच.

प्रश्न : कतारही हेच करतो ना?

काम तेच, पद्धत वेगळी. कतारकडे गॅसचा पैसा, अल जझीरा ही वृत्तवाहिनी आणि कॅमेऱ्यासमोर यायची हौस आहे. ओमानला प्रसिद्धी नकोच असते. २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहारीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली तेव्हा ओमान त्यात गेला नाही, उलट कतारचा माल ओमानच्या बंदरांतून फिरला.

प्रश्न : एवढं करून जून २०२५ मध्ये युद्ध झालंच की! मग उपयोग काय?

रास्त प्रश्न. इराण-अमेरिका बोलण्यांच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या, सहावी १५ जूनला मस्कतला ठरली होती, १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि फेरी रद्द. जो टेबलावर नाही त्याला मध्यस्थ थांबवू शकत नाही. मे २०२५ मध्ये ओमानने अमेरिका-हुथी युद्धबंदी घडवली त्यातही हीच फट होती, अमेरिकेने बॉम्ब टाकायचे नाहीत आणि हुथींनी अमेरिकी जहाजांना हात लावायचा नाही एवढंच ठरलं, इस्रायल त्यात नव्हताच. ती फट लगेच दिसली, जुलैमध्ये हुथींनी तांबड्या समुद्रात दोन मालवाहू जहाजं बुडवली, मॅजिक सीज आणि एटर्निटी सी.

पण मग सगळ्यांशी बोलणं चालू ठेवल्याचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. इराणमध्ये पकडलेले अमेरिकन गिर्यारोहक २०१०-११ मध्ये ओमानच्या मध्यस्थीनेच सुटले होते. आणि एटर्निटी सीवरचे हुथींच्या ताब्यात असलेले खलाशी डिसेंबर २०२५ मध्ये सुटले तेव्हा आधी मस्कतलाच आले. त्यात एक भारतीय होता, आपल्या परराष्ट्र खात्याने जाहीरपणे ओमानचे आभार मानले.