आषाढी पौर्णिमा : व्यासपूजा, वर्षावास आणि गुरुपूजन

प्रश्न : आमच्या वसाहतीत आषाढी पौर्णिमेला सकाळी दत्तमंदिरात गुरुपूजन होते आणि संध्याकाळी जवळच्या बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाचा कार्यक्रम असतो. एकाच तिथीला हे दोन्ही कसे आले? त्यांपैकी मूळ परंपरा कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही परंपरांच्या मुळाशी पावसाळा आहे. एरवी गावोगाव फिरणाऱ्या संन्याशाने किंवा भिक्खूने पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम करावा, ही रीत प्राचीन भारतात वैदिकांमध्येही होती आणि श्रमणांमध्येही, म्हणजे बौद्ध-जैन अशा वेदबाह्य पंथांच्या साधूंमध्येही होती. भिक्खूंच्या आचारनियमांचा पाली ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्ग या भागात तिचे कारण स्पष्ट दिलेले आहे. भिक्खू पावसातही हिंडतात, कोवळे गवत तुडवतात आणि बारीक जिवांना चिरडतात, अशी तक्रार लोकांनी केली, तेव्हा बुद्धांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. हा वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. संन्याशांच्या चातुर्मास्याचा संकल्पही आषाढी पौर्णिमेलाच होतो; मात्र ‘पक्षो वै मासः’ या वचनानुसार एका पक्षाला एक महिना मानून अनेक यती भाद्रपद पौर्णिमेपर्यंत, म्हणजे दोनच महिने, एका जागी राहतात.

गुरू एका ठिकाणी थांबला की शिष्य त्याच्यापाशी येऊन बसणार आणि पाठ सुरू होणार, हे ओघानेच आले. म्हणूनच ही तिथी मुख्यतः अध्ययनाच्या आरंभाची आहे, असे माझे मत आहे. एकाच ऋतुमानातून उपजलेल्या या दोन रीतींपैकी एकीला मूळ आणि दुसरीला नक्कल ठरवणे मला योग्य वाटत नाही.

संन्याशांच्या व्यासपूजेची मांडणी पाहिली तर अध्ययनाचा हा धागा अधिक स्पष्ट होतो. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी 1790 मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधू’त या दिवशी यतींनी, म्हणजे संन्याशांनी, क्षौर (मुंडन) करून व्यासपूजा करावी असे सांगितले आहे. या पूजेत देवता आणि आचार्य पाच-पाचांच्या गटांनी मांडले जातात. मध्ये श्रीकृष्ण आणि त्यांच्याभोवती वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न व अनिरुद्ध ही भगवंतांची चार रूपे. एका बाजूला व्यास आणि त्यांच्याकडून एकेक वेद शिकलेले पैल, वैशंपायन, जैमिनी व सुमंतू. दुसऱ्या बाजूला शंकराचार्य आणि त्यांचे पद्मपाद, सुरेश्वर, हस्तामलक व तोटक हे चार शिष्य. यातील व्यास आणि शंकराचार्य आपापल्या शिष्यांसह बसतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण विद्या पुढे नेणारे शिष्य तेथे गुरूच्या बरोबरीने पूजेचे मानकरी ठरतात.

बौद्ध परंपरेनुसार याच पौर्णिमेला सारनाथच्या मृगदावात बुद्धांनी पहिला उपदेश केला. त्या प्रसंगाचे महावग्गातील वर्णन मुळातून वाचण्याजोगे आहे. कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित या पाच जणांनी, सिद्धार्थ गौतमांनी देहदंडन सोडले म्हणून त्यांची साथ सोडलेली होती. ते दुरून येताना दिसले, तेव्हा त्यांना वंदन करायचे नाही आणि उठून सामोरे जायचे नाही, असे या पाचांनी आपसांत ठरवले. परंतु बुद्ध जवळ येताच तो निश्चय टिकला नाही. एकाने पुढे होऊन त्यांचे भिक्षापात्र आणि चीवर (भिक्खूचे वस्त्र) घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुण्यासाठी पाणी आणले. त्यानंतर मध्यम मार्ग, चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांचा उपदेश झाला. तो प्रथम कौंडिण्याला उमगला, तेव्हा ‘कौंडिण्याला कळले, खरोखर कळले’ असे उद्गार स्वतः बुद्धांनी काढले. शिष्याला समजले याचा गुरूला झालेला असा आनंद आपल्या प्राचीन वाङ्मयात इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच आढळतो.

प्रश्न : मी कोणाकडूनही दीक्षा घेतलेली नाही. मग गुरुपौर्णिमेला पूजा कोणाची करावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दीक्षा घेतली नसेल तर पूजेचा अधिकार नाही, अशी शंका मनात आणू नये. व्यासांची पूजा सर्वांना खुली आहे. आपल्याकडील दत्तसंप्रदायात तर देहधारी गुरू समोर नसतानाही पादुकांची पूजा होते. नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका आणि गाणगापूरला निर्गुण पादुका आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. ज्या स्कंधावर एकनाथमहाराजांनी काशीत 1573 मध्ये पूर्ण केलेली विस्तृत मराठी टीका आहे, तोच हा स्कंध. त्या गुरूंमध्ये पृथ्वी, वारा आणि समुद्र आहेत, तशी एक उपवर मुलगीही आहे. तिला पाहायला पाहुणे आले, त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडू लागली, तेव्हा कांकणे वाजू लागली. घरची गरिबी बाहेर कळू नये म्हणून तिने एकेक कांकण उतरवले. दोन-दोन उरली तरी आवाज होतच होता, तो एकेकच उरल्यावर थांबला. साधकाने एकांतात राहावे, हे अवधूत तिच्याकडून शिकला. तेव्हा ज्या ग्रंथाने किंवा ज्या व्यक्तीने आपल्याला खरोखर काही शिकवले, त्यांचे पूजन निःशंकपणे करावे. केवळ प्रथा म्हणून किंवा कोणाच्या आग्रहाखातर घाईने गुरू करणे मात्र मला मान्य नाही.

प्रश्न : पहिला उपदेश आषाढी पौर्णिमेचा, तर धम्मचक्र प्रवर्तन दिन आपण दसऱ्याला का साजरा करतो? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : हे दोन प्रसंग वेगळे आहेत. सारनाथचे धम्मचक्रप्रवर्तन, म्हणजे तो पहिला उपदेश, बुद्धांचे आहे. नागपूर येथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिच्या स्मरणार्थ धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो. बाबासाहेबांनी बुद्धांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, आणि त्यामुळे अनेक बौद्ध कुटुंबे आषाढी पौर्णिमेला व्यक्तिपूजेपेक्षा वाचनाला महत्त्व देतात. अनेक विहारांत त्या सुमारास बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. दसरा त्या पौर्णिमेच्या साधारण पाच दिवस आधी येत असल्यामुळे दीक्षाभूमीवरील सोहळा वर्षावासाच्या अखेरच्या आठवड्यात येतो.