चिनी औषधातल्या बिया अस्सल की भेसळीच्या, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की झोपेसाठी चिनी वैद्याने स्वान-त्साओ-रेन, म्हणजे आंबट रानबोराच्या आठळीतलं बी, सांगितलंय आणि दुकानात मिळालेलं असली आहे का ते कळत नाही. पावडर आणली असेल तर विषय संपला, नुसत्या डोळ्यांनी काहीही कळणार नाही. अख्खं बी असेल तरच पुढे वाचा.

मी सहा वर्षं हपेइ प्रांतात शिच्याच्वांगला होतो, औषधांच्या कच्च्या मालाची खरेदी बघायचो. बाबा गेले आणि आईची झोपच उडाली, रात्री दोन-दोनला फोन करायची, नुसतं "जागी आहे रे" एवढंच सांगायला. ऑफिसमधल्या एकाने हे बी सुचवलं, मी घराजवळच्या एका दुकानातून अर्धा किलो आणलं, मस्त लालबुंद, चकचकीत, आणि भावही इतरांपेक्षा बराच कमी. घरमालकीणबाईंना दाखवलं. त्यांचं माहेर शिंगथायकडचं, थायहांग डोंगराच्या बाजूचं, लहानपणी काटेरी झुडपं काठीने झोडून बोरं गोळा केलेली बाई ती. काही बोलल्या नाहीत. पांढऱ्या वाडग्यात कोमट पाणी घेतलं, त्यात चिमूटभर बी टाकून बोटांनी चोळलं, तर पाणी लाल झालं आणि खालून पिवळट तपकिरी बी निघालं. मग स्वतःच्या बरणीतलं एक बी माझ्या तळहातावर ठेवलं आणि सपाट बाजूवरून नख फिरवायला लावलं. मधोमध एक उभी, बारीक, उठलेली रेघ लागते. माझ्या बियांना ती नव्हतीच.

मला विकलं होतं ते ली-त्साओ-रेन, युन्नान आणि म्यानमारकडून येतं, आणि ते कशाचं बी आहे माहितीये? आपल्या बोराचं! आपण संक्रांतीला बोरन्हाण घालतो ना, त्याच जातीच्या बोराचं. रंगवलं की झालं महागडं औषध.

खरं बी 5 ते 9 मिलिमीटर लांब, जाडी साधारण 3, रंग जांभळट लाल किंवा जांभळट तपकिरी, अंगचीच चकाकी असते, कधी सालीवर तडे असतात. फोडलं की आत फिकट पिवळ्या तेलकट डाळिंब्या. काही लोक अख्खा मसूरसुद्धा मिसळतात, तो आपल्या बायकांना एका नजरेत कळेल, चावून बघितला तर कच्च्या डाळीची चव येते.

आता जे खरं सांगायचंय ते. आमचं साताऱ्याला काष्ठौषधींचं दुकान आहे, चुलतभाऊ बघतो. सुट्टीत मी ते रंगवलेलं बी मूठभर दाखवायला घेऊन आलो तर दादा म्हणाला, "अरे हे बोराचंच मगज, मग फरक काय पडतो? नाव वेगळं एवढंच." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशाला हेच ऐकतोय. फरक पडतो, दादा. झाडाची जात वेगळी आहे. चीनच्या 2020 च्या औषधकोशात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी पुस्तकात, या बियांतली दोन द्रव्यं, ज्युज्युबोसाइड ए किमान 0.030 टक्के आणि स्पायनोसिन किमान 0.080 टक्के, असायलाच पाहिजेत असं लिहिलंय, ते उगाच नाही. रात्र-रात्र जागणाऱ्या बाईने विश्वासाने उकळून प्यायचं आणि तुम्ही म्हणायचं बी ते बी! युन्नानमध्ये ली-त्साओ-रेन त्याच्या स्वतःच्या नावाने वापरतात, त्याला माझी काहीच हरकत नाही. दुसऱ्याचं नाव लावून, रंग लावून विकतात त्याला आहे.

तुम्ही इतर बियांचंही विचारलंय. सगळ्यांना एकच युक्ती नाही. अमरवेलीचं बी असेल तर थोडं पाण्यात उकळा, साल फाटून आतून पिवळसर पांढरा, गुंडाळलेला दोऱ्यासारखा अंकुर बाहेर येतो, चिनी लोक त्याला बी रेशीम ओकतं म्हणतात. मातीच्या गोळ्या किंवा दुसरं बारीक बी मिसळलेलं असेल तर ते असं करत नाही. इसबगोलाच्या भावकीतलं त्यांचं एक बी आहे, ते पाण्यात बुळबुळीत होतं. एवढं घरी जमतं.

बाकी हे राहिलंच की रंग सुटला नाही म्हणजे माल असली, असं नाही, न रंगवलेलं बोराचं बीसुद्धा खपवतात, म्हणून रेघ बघाच, आणि एक-दोन नाही, वीस-पंचवीस बिया उलटून बघा, कारण मिसळलेला माल जास्त असतो. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका, आईचं मीही आधी विचारूनच केलं.

दोन्ही बिया दोन डब्यांत ठेवल्यात. दिवाळीला दादा येईल तेव्हा त्याच्या तळहातावर एक-एक ठेवणार आहे, म्हणणार, फिरव नख.